तीनास दोन

आक्का चहा टाकायला घरात गेली आणि तेवढ्यात शेतात खुंटी ठोकली गेली.

"साहेब सकाळपासून उन्हात आहेत, आक्का. घोटभर चहा तरी दे की," असं धाकटा म्हणाला होता. धाकटा म्हणजे तिचा पाठचा भाऊ. एरवी तो तिच्याशी इतकं गोड बोलत नसे, त्यामुळे तिला बरंच वाटलं. चूल लवकर पेटेना. फुंकून फुंकून डोळ्यांत पाणी आलं, खोकला आला. किटली आणि कप घेऊन ती बांधावरून परत येते तो मोजणीदार टेप गुंडाळत होता, आणि तिच्या कांद्याच्या रोपाच्या वाफ्यांअलीकडे लाल डोक्याची खुंटी जमिनीत घुसून बसली होती.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं बाई. सुटलात," मोजणीदार म्हणाला आणि कपासाठी हात पुढे केला.

तिने चहा ओतला. ओतता ओतता तिची नजर खुंटीवरून विहिरीकडे गेली, विहिरीवरून रस्त्याकडे गेली. काहीतरी चुकत होतं. पोत्यात धान्य कमी भरलेलं असलं की उचलतानाच हाताला कळतं, तसं तिच्या डोळ्यांना कळत होतं.

"हे माझ्याकडचं कमी नाही वाटत?"

"तिरकी जमीन आहे, आक्का. डोळ्याला फसवते," धाकटा म्हणाला. "साहेबांनी गणिताने काढलंय. डोळ्याने नाही."

मोजणीदार फुंकर घालत चहा पीत राहिला. आक्काचा नवरा टेपचं टोक हातात धरून तिथेच उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

जमीन तिकोनी होती. एका कोपऱ्यात विहीर. विहिरीपासून एक बांध वर रस्त्याकडे जायचा, दुसरा ओढ्याकडे. रस्त्याचा कोपरा आणि ओढ्याचा कोपरा यांना जोडणारी तिसरी बाजू सरळ चालत जाता आली असती, पण तिच्या मध्येच खड्डा होता. कधीकाळी विटांसाठी माती उपसून नेली होती आणि मागे हे भोक राहिलं होतं. त्यात बारा महिने पाणी, कमरेएवढा चिखल आणि काठाला काटेरी झुडपं. वाटणी झाली तरी विहीर दोघांनाही लागणार होती. म्हणून विहिरीपासून एक रेघ निघावी आणि त्या तिसऱ्या बाजूला जाऊन भिडावी, असं ठरलं होतं. त्या बाजूचे जसे तुकडे पडतील तसेच जमिनीचेही पडणार. ती रेघ नेमकी कुठे भिडते, एवढ्यासाठी मोजणीदार आला होता.

आप्पांनी जाण्याआधी वाटणी सांगून ठेवली होती. रस्त्याकडचे तीन वाटे पोरीला, ओढ्याकडचे दोन पोराला. पोरगा शहरात मालमोटार चालवत होता. सहा-सहा महिने फिरकत नव्हता. आप्पांचं उजवं अंग गेलं, तेव्हापासून शेत पोरीने पाहिलं आणि बापही तिनेच पाहिला. त्यांना कूस बदलून देणं, पाठीच्या जखमा धुणं, चमच्याने पेज भरवणं आणि मग अंधार पडायच्या आत कांदा खुरपणं. पोराने तेव्हा "बरं" म्हटलं होतं. आता शहरातलं काम सुटलं, बायको घेऊन तो परत आला, अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत राहिला, आणि एका वीटभट्टीवाल्याशी त्याचं बोलणं सुरू झालं. भट्टीवाल्याला माती हवी होती. खड्डा आणि खड्ड्याभोवतीची सगळी जागा.

जेवताना आक्काने विषय काढला. तिच्या नवऱ्याला सगळं गाव पाहुणे म्हणायचं. लग्नानंतर तो सासऱ्याच्या घरी राहायला आला तो कायमचा, आणि डोक्यावरचे केस विरळ झाले तरी पाहुणाच राहिला. "काय पाहुणे, कधी निघणार?" असं कोणीतरी दर आठवड्याला विचारायचं, सगळे हसायचे, तोही हसायचा. हळूहळू त्याने बोलणंच कमी करून टाकलं होतं.

"टेपचं टोक तुमच्याकडे होतं ना?" ती म्हणाली. "मी आत गेले तेव्हा काय बोलणं झालं?"

"विशेष काही नाही."

"जे झालं ते सांगा."

त्याने घास चावून गिळला. "साहेबांनी विचारलं, प्रमाण किती? धाकटा म्हणाला, तीनास दोन."

"मग बरोबर आहे की."

"मग साहेबांनी विचारलं, कुठून धरायचं." तो थांबला. "तो म्हणाला, ओढ्याकडून."

आक्काचा हात ताटातच राहिला. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"ओढ्याकडून तीन," ती म्हणाली. "म्हणजे त्याला तीन. मला दोन."

त्याने भाकरीचा तुकडा मोडला.

"आणि तुम्ही काय केलंत?"

"मी टेप धरला होता."

"तोंड धरलं होतं का कोणी तुमचं?"

"अगं, जमीन तुम्हा भावंडांची. मी मध्ये काय बोलणार? उद्या तोच म्हणेल, पाहुण्याची नजर जमिनीवर आहे."

"मध्ये?" आक्का उठलीच. "माझ्या बापाला मोरीत नेताना खांद्यावर घेत होतात, तेव्हा मध्ये नव्हता? खड्ड्याच्या काठाला गाळ टाकून टाकून वाफे आपण दोघांनी उभे केले, तेव्हा मध्ये नव्हता? कावडीने तुमचे खांदे सोलून निघाले. ते काय पाहुणचाराला?"

त्याने मान खाली घातली. त्या मान खाली घालण्याचाच तिला इतका संताप आला, की समोरचं ताट भिरकावून द्यावं असं वाटलं. पण अन्न होतं. तिने ते झाकून ठेवलं आणि तशीच अंगण ओलांडून भावाकडे गेली.

धाकटा खाटेवर पाय पसरून बसला होता. भावजय भांडी घासत होती. दुपारच्या उन्हात भांड्यांवर राख वाळत होती.

"ओढ्याकडून का म्हणालास?"

त्याने आधी न कळल्यासारखं केलं, मग कळल्यासारखं. "कुठूनतरी धरायलाच लागतं ना, आक्का? गणित असतं ते."

"तीन वाटे माझे आहेत."

"आप्पा काय बोलत होते ते कुणाला कळत होतं? पोरीला म्हणाले का पोराला म्हणाले, देवाला ठाऊक. जीभ लोळत होती त्यांची."

"तू 'बरं' म्हणालास."

"आजारी माणसाला सगळेच बरं म्हणतात." तो हसला. "आणि तू कशाला डोकं शिणवतेस? पूर्व किती, उत्तर किती, गुणाकार, भागाकार. तुला नाही कळायचं ते."

भावजयीच्या हातातलं भांडं क्षणभर थांबलं.

तुला नाही कळायचं. तो जन्मला त्या वर्षी आक्काची शाळा सुटली होती. आई शेतात जायची, पाळण्यातल्या पोराला कोणीतरी हवं होतं. गणिताचे मास्तर घरी येऊन सांगून गेले होते, की पोरगी हुशार आहे, बसवू नका. तिला बसवलं. ज्याच्यासाठी बसवलं तो आता खाटेवर बसून पायाची बोटं हलवत होता.

"बघू," ती म्हणाली आणि परत फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाईची धार काढत होती तर शेतातून ट्रॅक्टरचा आवाज आला. हातातली चरवी तिथेच ठेवून ती धावली. पोचेपर्यंत नांगराने दोन वाफे उलटे केलेले होते. बोटभर वाढलेलं कांद्याचं रोप, पुढच्या आठवड्यात लावायचं, हिरवं हिरवं, ढेकळांखाली गेलं होतं. मुळं वर, शेंडे खाली. त्याचा तिखट वास सगळीकडे पसरला होता.

धाकटा बांधावर उभा राहून हात करून दाखवत होता, इथून, असा, सरळ घे.

आक्का ट्रॅक्टरसमोर जाऊन उभी राहिली. ट्रॅक्टर तिच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबला. धूर तोंडावर आला.

"बाई, बाजूला व्हा," ट्रॅक्टरवाला ओरडला. तो शेजारच्या वस्तीतला, भाड्याने नांगरणी करणारा. "माझा काही संबंध नाही. मला बोलावलंय."

"आक्का, तमाशा करू नकोस!" धाकटा ओरडला. "माझ्या हद्दीत आहेस तू."

बांधावर चार माणसं जमली होती. त्यातला एक म्हणाला, "एवढी हाव बरी नाही बाईमाणसाला." दुसरा म्हणाला, "पाहुणे कुठे आहेत?" आणि मग ते हसले.

आक्काने ऐकलं. तिने पाय ठेवायच्या पट्टीवर पाऊल टाकलं, वर चढली आणि ट्रॅक्टरवाल्याला काही समजायच्या आत चावी फिरवून उपसून घेतली. ट्रॅक्टर धापा टाकून बंद पडला. इतकी शांतता झाली, की ओढ्याचं पाणी ऐकू यायला लागलं.

"अहो बाई! चावी द्या!"

"मोजणी परत होईल तेव्हा देईन."

"माझी दिवसभराची कामं आहेत!"

"ज्याने बोलावलंय त्याच्याकडून भरून घे."

मूठ आवळून ती चालू लागली. थेट रस्त्यावर आली, मोजणीच्या कचेरीच्या दिशेने. पायांत चप्पल नव्हती, हाताला दुधाचा वास होता. ट्रॅक्टरवाला मागून धावत आला आणि निम्म्या वाटेपर्यंत विनवण्या करत राहिला. मावशी म्हणाला, आई म्हणाला, मग शिव्या दिल्या, मग परत मावशी म्हणाला. शेवटी तोही दमला आणि गप्प राहून मागे मागे चालत राहिला.

कचेरीच्या दारात शिपाई बसला होता. त्याने तिच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

"साहेब कामात आहेत. घरात कोणी पुरुषमाणूस नाही का?"

"दोन आहेत," आक्का म्हणाली. "त्यांच्यामुळेच आले."

तिला बाकावर बसवलं. ती बसली. लोक आले, आत गेले, बाहेर आले. तिच्यानंतर आलेला एक गृहस्थ शिपायाच्या खांद्यावर हात टाकून आधी आत गेला. मग ती उठली आणि कुणाला न विचारता दार ढकललं.

मोजणीदार खुर्चीवर कण्हत बसला होता. उन्हाने मान भाजलेली, तिला त्याने ओलं फडकं गुंडाळलेलं. माणूस वाईट नव्हता. थकलेला होता, आणि थकलेल्या माणसासारखाच लवकर चिडत होता.

"बाई, तुमचं काम झालंय. हिशोब बरोबर आहे. मी दोनदा ताडून पाहिलाय."

"मग मला दाखवा."

"काय दाखवू? तुम्हाला त्यातलं..."

"कळणार नाही," आक्का म्हणाली. "ते काल ऐकलंय. दाखवा."

तिच्या आवाजात असं काही होतं, की त्याने मुकाट्याने चौकटींचा कागद पुढे ओढला. खाली डावीकडे एक ठिपका काढला.

"ही विहीर. इथे शून्य. इथून सगळं मोजायचं. पूर्वेला किती, उत्तरेला किती. खड्ड्यामुळे त्या बाजूवर टेप धरता येत नाही, म्हणून असं करायचं. रस्त्याचा कोपरा पूर्वेला वीस मीटर, उत्तरेला नव्वद. हा इथे. ओढ्याचा कोपरा पूर्वेला एकशे वीस, उत्तरेला चाळीस. हा इथे. या दोघांमधली ही रेघ. तिचे पाच वाटे. ओढ्याकडून चालत निघालो. तीन वाटे ओलांडले की थांबायचं. बरोबर?"

"तिथे कसं पोचायचं ते सांगा."

"गुणायचं. रस्त्याच्या कोपऱ्याला तीनने, ओढ्याच्या कोपऱ्याला दोनने, मग बेरीज, मग पाचने भागायचं. तीन वीसं साठ, दोन गुणिले एकशे वीस म्हणजे दोनशे चाळीस. तीनशे. भागिले पाच, साठ. उत्तरेचंही तसंच. दोनशे सत्तर आणि ऐंशी, साडेतीनशे, भागिले पाच, सत्तर. पूर्वेला साठ, उत्तरेला सत्तर. तिथे खुंटी ठोकली."

आक्का कागदाकडे बघत राहिली. कपाळावर आठी पडली.

"तीन वाटे ओढ्याकडून चाललात," ती म्हणाली. "मग तीनने गुणलंत रस्त्याच्या कोपऱ्याला. उलटं का?"

मोजणीदाराने पेन्सिल खाली ठेवली. हा प्रश्न सहसा कुणी विचारत नसे. "ओढ्यापासून तीन वाटे आलो म्हणजे लांब आलो. रस्त्याच्या जवळ आलो. ज्याच्या जवळ, त्याचा जोर जास्त. म्हणून तीन त्याच्याकडे."

तिने मनातल्या मनात खांद्यावर कावड घेतली. एका टोकाला तीन घागरी, दुसऱ्याला दोन. चालायचं तर खांदा तीनकडे सरकवावा लागतो, नाहीतर कावड कलंडते.

"जड टोकाकडे खांदा सरकतो, तसं."

"हं. तसंच म्हणा."

"मग माझे तीन वाटे रस्त्याकडून असतील तर तीन लागणार ओढ्याच्या कोपऱ्याला."

"बरोबर."

"मांडा तसं."

त्याने मांडलं. तीन गुणिले एकशे वीस, तीनशे साठ. दोन वीसं चाळीस. चारशे भागिले पाच. आक्काच त्याच्या आधी बोलली, "ऐंशी." मग उत्तरेचं, एकशे वीस आणि एकशे ऐंशी, तीनशे, साठ. त्याने नवा ठिपका काढला. जुन्या ठिपक्यापासून तो बराच लांब पडला होता. दोन्ही ठिपक्यांपासून विहिरीपर्यंत रेघा ओढल्या. मध्ये पाचरीसारखा निमुळता तुकडा उरला.

"एवढी जमीन?" तिने बोट ठेवलं. बोटाखाली तिचे वाफे होते, गाळाने भरून काढलेला काठ होता.

"एक पंचमांश. पण बाई, ऐका. मी सांगतील तसं मोजतो. कुठून धरायचं ते तुम्ही घरच्यांनी ठरवायचं. तुमच्या भावाने सांगितलं, कुणी आडवं बोललं नाही."

"मी चहा टाकायला गेले होते. तुमच्यासाठी."

मोजणीदाराने कागदाकडे पाहिलं. मग मानेवरचं फडकं काढून टेबलावर ठेवलं.

"दुपारी येतो," तो म्हणाला. "पण दोघांनी माझ्यासमोर एकच सांगायचं. वाद असेल तर मी खुंटीला हात लावणार नाही."

बाहेर ट्रॅक्टरवाला पायरीवर बसला होता. तिला बघून उठला. "झालं का मावशी?"

"चल," ती म्हणाली.

दुपारी विहिरीवर सगळे जमले. धाकट्याचा चेहरा लाल झाला होता. ट्रॅक्टर शेतात तसाच उभा, त्याचं भाडं चढत होतं आणि ट्रॅक्टरवाला ते त्याला वरचेवर सांगत होता. भावजय थोडी मागे उभी होती. पाहुणे फावडं टेकून सगळ्यांपासून लांब उभे. आक्काने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. सकाळपासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती.

मोजणीदार धाकट्याकडे वळला. "तुमच्या वडिलांनी काय सांगितलं होतं? तुमच्या तोंडाने सांगा. तीन कुणाचे?"

प्रश्न साधा होता, पण धाकट्याने तो अजून कुणाकडूनही ऐकलेला नव्हता. ओढ्याकडून म्हणणं वेगळं होतं. तो नुसता एक शब्द होता, बोलण्याच्या ओघात टाकून दिलेला. त्याने ओठ ओले केले.

"आप्पांची जीभ जड झाली होती, साहेब. नीट कळत नव्हतं."

"तुम्हाला काय कळलं?"

"तेच तर. पोरा म्हणाले का पोरी, काही सांगता येत नाही."

"खोटं बोलतोस!" आक्का ओरडली. "त्यांच्या खाटेजवळ उभं राहून बरं म्हणालास तू! तोंड वर करून बघ माझ्याकडे आणि परत बोल!"

"बघितलंत साहेब? अशी आहे ही. हिला सगळंच हवं. बापाची सेवा केली ती काय फुकट..."

"हाताने दाखवलं होतं."

आवाज इतका खालचा होता, की आधी कुणाला कळलं नाही कोण बोललं. मोजणीदाराने मान वळवली. पाहुणे फावड्याच्या दांड्याकडे बघत बोलत होते.

"जिभेने नाही," ते म्हणाले. "हाताने."

"दाजी, तुम्ही यात पडू नका," धाकटा म्हणाला. "पाहुण्यांनी पाहुण्यासारखं राहावं."

बांधावरून कोणीतरी हसलं. पाहुण्यांची मान आणखी खाली जाणार, असं आक्काला वाटलं, आणि आता जर गेली तर आपण या माणसाबरोबर एका छपराखाली झोपायचं नाही, हे तिने त्याच क्षणी ठरवून टाकलं.

मान गेली खाली. मग वर आली.

"डाव्या हातालाही त्यांच्या जोर नव्हता," पाहुणे म्हणाले. त्यांचा आवाज थरथरत होता, पण थांबत नव्हता. "तो आपोआप उचलत नसे. कोपराखाली मी हात धरला होता. तीन बोटं केली आणि हात रस्त्याकडे नेला. मग दोन बोटं केली आणि ओढ्याकडे. किती वेळ लागला त्याला. घाम फुटला त्यांना. तू खाटेच्या पायाशी उभा होतास. बरं आप्पा, म्हणालास. मग हात खाली घेतला मी." त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. "तुला आठवतंय."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं, आधाराला पाहावं तसं. ती विहिरीच्या कठड्यावरचं शेवाळ नखाने खरवडत होती.

"तू सांग ना," तो म्हणाला. "आप्पा कसे बोलायचे ते."

"मला काय विचारता," ती म्हणाली. "दोन वाटे मिळाले, दोनच मिळाले, असं वर्षभर घरात कोण कुरकुरत होतं?" मग एकदम मान वर करून, "मोजू द्या आता साहेबांना. ऊन चढलंय."

धाकट्याने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं. मोजणीदार थांबून राहिला.

"रस्त्याकडून?" त्याने विचारलं.

"करा काय करायचं ते!"

"तसं नाही चालणार. हो की नाही?"

"हो!" धाकटा किंचाळला.

टेप पुन्हा उलगडला. विहिरीपासून पूर्वेला ऐंशी, तिथून उत्तरेला साठ. या वेळी आक्का टेपच्या टोकाबरोबर चालली आणि आकडा स्वतः वाचला. शेवटचे काही मीटर राहिले तेव्हा पुढचा माणूस थांबला. समोर खड्डा होता. नेमकी जागा पाण्यात येत होती, काठापासून आत, जिथे शेवाळाचा हिरवा थर साचला होता.

"काठावर ठोकू," मोजणीदार म्हणाला. "थोडं इकडेतिकडे झालं तर..."

"नाही."

"बाई, आत चिखल आहे."

"मला माहीत आहे काय आहे. मी त्यातून गाळ काढलाय." तिने घण उचलला. "जिथे येते तिथेच ठोकणार."

ती आत उतरली. पाणी गुडघ्यांपर्यंत आलं, मांड्यांपर्यंत, कमरेपर्यंत. तळाच्या चिखलाने पाय धरले. काट्यांनी दंडावर रेघा उमटवल्या. लांब खुंटी मागून येत होती. पाहुणे ती डोक्यावर धरून पाण्यातून येत होते. मोजणीदार काठावरून सांगत होता, डावीकडे, अजून, अजून थोडं, हां, थांबा.

पाहुण्यांनी खुंटी चिखलात रोवली आणि दोन्ही हातांनी धरली. आक्काने घण वर उचलला. दोघांची तोंडं समोरासमोर होती, हातभर अंतरावर.

"काल का नाही बोललात?" ती म्हणाली.

त्यांनी खुंटीवरची पकड घट्ट केली.

"नुसतं रस्त्याकडून एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. माझं रोप गेलं. अनवाणी गेले मी कचेरीत, गावाने बघितलं. एक शब्द, अहो!"

"भ्यालो," ते म्हणाले.

तिने घण घातला. खुंटी वीतभर खाली गेली. पाणी उडून दोघांच्या डोळ्यांत गेलं. त्यांची बोटं खुंटीवरच होती. दुसरा घाव घातला, तो मघापेक्षा जोरात. घण लाकडाच्या कडेला लागून निसटता निसटता राहिला, त्यांच्या अंगठ्याजवळून. त्यांनी हात काढला नाही. ती घाव घालत राहिली. बापाच्या पाठीवरच्या जखमांसाठी घातला, शाळेसाठी घातला, हाव म्हणणाऱ्यासाठी, शिपायासाठी. घालता घालता तिला रडू फुटलं आणि ते रागाचंच होतं. त्यात दुसरं काही नव्हतं.

"पुरे," ते हळूच म्हणाले. "गेली आत."

काठावर आल्यावर तिने कमरेची गाठ सोडून ट्रॅक्टरची चावी काढली आणि ट्रॅक्टरवाल्याकडे फेकली. धाकटा केव्हाच निघून गेला होता. जाताना ओरडून गेला होता, की आजपासून त्याला बहीण नाही. बांधावरची माणसं पांगली होती.

पुढच्या आठवड्यात आक्काने उरलेलं रोप लावलं. दोन वाफे गेले होते, तेवढी जमीन तशीच पडीक राहिली. नव्या रेघेवर पाहुण्यांनी विहिरीपासून खड्ड्याच्या काठापर्यंत दगड रचले. ती त्यांना पाणी नेऊन द्यायची, दगड उचलू लागायची, कामापुरतं बोलायची. एकदा गावातल्या कुणीतरी रस्त्यावरून हाक मारली, "काय पाहुणे, अजून इथेच?" तेव्हा पाहुण्यांच्या आधी तीच सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "इथेच. तुझी काही अडचण?" तो माणूस सायकलवरून निघून गेला. पाहुणे पुढचा दगड उचलायला वाकले.

पण विहीर एकच होती.

एका सकाळी ती पाण्याची मोटार चालू करायला गेली तेव्हा धाकटाही आला. बऱ्याच दिवसांनी दोघं समोरासमोर आले होते. मोटारीचं बटण तिच्या बाजूच्या खांबावर होतं आणि ती वाटेतच कठड्याला टेकून उभी होती, पाण्याचा पहिला लोट पाटात पडायची वाट बघत. तो दोन पावलांवर थांबला. त्याने खाकरलं. तिने वळून पाहिलं नाही.

"पाणी घ्यायचंय मला," तो म्हणाला.

"घे की."

"सरक मग."

आक्काने पाटातलं एक ढेकूळ पायाने बाजूला केलं. तिच्या अंगात पुन्हा तेच उसळून आलं, तस्संच, जराही न निवलेलं.

"मी माझ्याकडे उभी आहे," ती म्हणाली. "तू तुझ्याकडून ये."

तो मागे फिरला आणि अख्ख्या विहिरीला वळसा घालून, झुडपांतून वाट काढत, पलीकडून आला.